बंद देवळासमोरचं मागणं

बसा. त्या टायरवर नको, पँटीला काळं लागेल आणि घरी गेल्यावर मला शिव्या द्याल, हे स्टूल घ्या. तुमच्याशी मी जरा शुद्धच बोलतो, पण मधे मधे आमचं मालवणी घुसणार, ते काय माझ्या हातात नाही. मला सगळे बाबल मेस्त्री म्हणतात. जन्म ह्याच कट्टा गावाच्या अंगाला वाडीतला, बापूस भात लावायचा, थोडे काजू, चार कलमं आंब्याची, आणि मला शेतात पाय घालायचा कंटाळा, पण पॉवर टिलर बंद पडला की मी खूश, कारण तो खोलायला मिळायचा. बापूस म्हणायचा, ह्येका शेत नको, ह्येका यंत्र व्हया. मग मला फोंडाघाटला एका मेस्त्रीकडे ठेवला, तिथं घाटातून उतरलेल्या गाड्यांचे तापलेले ब्रेक उघडून उघडून हाताची कातडी गेली, आणि शिकून आलो ते इथं स्टँडाच्या बाजूला हे गॅरेज टाकलं. तेव्हापासून इथंच आहे. रागीट आहे असं लोक सांगतील, खरं आहे ते, गाडी नीट न ठेवणाऱ्या माणसाशी मी गोड बोलू शकत नाही.

मला एकच मुलगी, मयुरी. तिच्यावर लिहायलाच तुम्ही आलात ना, मला काय कळत नाही? गॅरेजात एक जुनी मोटरसायकल पडून होती, ती मी तिला बारावीच्या सुट्टीत उभी करून दिली. आमच्या वाडीच्या वर सडा आहे, कातळच कातळ, पावसाळा संपला की मोकळा. तिथं मी चिरे मांडून वळणं केली आणि म्हटलं, फिरव हय, रस्त्यावर गेलंस तर तंगडी मोडून ठेवीन. ती फिरायची गोल गोल, आणि मी खाली बसून तिचं इंजिन ऐकायचो. तिची आई घरातून ओरडायची, चेडवाक नर्स करूचा हा माका, तुमी तेका काय करतास? मी काय तिला शर्यतवाली करायला निघालो नव्हतो हो. पण एका कंपनीच्या टीमनं मुलींची निवड ठेवली, पेपरात वाचून तीच गेली, मी आपला सोबत, आणि घेतली ना तिला! आईनं त्या दिवशी जेवण केलं नाही, आम्हाला पाव आणून खायला लागले.

काय सांगू तुम्हाला, शर्यतीचा शनिवार-रविवार म्हणजे काय असतं ते. कुडाळहून रेल्वेनं कोइमतूर, मी आणि ती, डब्यात आईनं दिलेले घावणे. शुक्रवारी नुसता सराव, शनिवारी वेळ लावतात, ज्याची वेळ चांगली तो पुढे उभा राहणार, आणि मग शर्यती, रविवारी परत शर्यती. सकाळपासून तो आवाज, पेट्रोलचा आणि जळक्या रबराचा वास, चहाच्या टपरीवर सगळ्या भाषांची माणसं, तमीळ, मणिपुरी, पंजाबी, आणि सगळी गाडीबद्दलच बोलतात, एक जण पावसापाण्याचं बोलत नाही. मला तिथं घरच्यासारखं वाटायचं. टीमची माणसं मला आत हात लावू द्यायची नाहीत, बरोबरच आहे, मी पण माझ्या गॅरेजात कुणाला लावू देत नाही. मी जाळीच्या बाहेर उभा राहायचो, एका वळणाजवळ, मयुरीच्या आईची लाल छत्री घेऊन, ऊन फार म्हणून. एकदा मी जरा सावलीत सरकलो तर शर्यत संपल्यावर पोरगी माझ्यावर केवढी भडकली. म्हणाली, बाबा, तुमी हललास कित्याक, मी ती छत्री बघून ब्रेक मारतंय! आता मला काय म्हायत? त्यानंतर मी कधी हललो नाही. टोपी उडाली तरी छत्री तिथंच.

मग ती महामारी आली. हंगाम सुरू होणार म्हणाले, पुढे गेला, परत तारीख दिली, परत पुढे. मयुरी घरी आली, आधी शाळेत वेगळी ठेवली गावानं, मी खिडकीतून पेज द्यायचो, आणि मग घरात आली ती महिनोन् महिने घरातच. खरं सांगू? बाहेर लोक मरत होते, असं बोलू नये, पण माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे महिने. सकाळी उठलं की पोरगी ओट्यावर बसलेली. आई तिला मासे साफ करायला शिकवते, ती वाकडंतिकडं कापते, मी हसतो, ती मला कोयता दाखवते. आई तर म्हणायची, ही सात पिढ्यांची बंदी झाली तरी चलात. पण पोरगी सुकत चालली होती. सड्यावर जायची, आणि गाडी न घेता नुसती चिऱ्यांमधून चालत फिरायची, अंग कलतं करत, हे असं. ते बघून मी खाली उतरून यायचो. बघवत नव्हतं.

शेवटी फोन आला. सगळ्या राहिलेल्या शर्यती एकाच शनिवार-रविवारी घेणार, प्रेक्षक नाहीत, घरची माणसं नाहीत, नाकात कांडी घालून तपासून मगच आत, आणि आत गेलेला शर्यत संपेपर्यंत बाहेर नाही. आणि टीमच्या मॅनेजरनं सांगितलं, पुढल्या वर्षी मुलींची एकच गाडी ठेवतोय. दोघी होत्या, मयुरी आणि बंगळूरची एक. जी पुढे राहील ती राहणार, दुसरी घरी. एवढं सरळ. टीमची गाडी पास घेऊन हायवेपर्यंत आली, तिथं सोडायला गेलो. चढताना पोरगी म्हणाली, बाबा, देवळात गाऱ्हाणां घालशात ना? पयलो नंबर मागा हां. आणि गाडी गेल्यावर तिची आई म्हणाली, ऐका, सुखरूप घराक येवंदे इतक्यांच मागा, नंबर-बिंबर काय नको.

आता तुम्ही म्हणाल दोन्ही मागावं. लोक मागतात हो, दहा-दहा गोष्टी मागतात, पोराला नोकरी, म्हशीला दूध, शेजाऱ्याला अक्कल. पण आमच्या बापसाची रीत वेगळी. एका गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढच्या मागण्यात, एकच मागायचं. दोन मागितलं की देव म्हणतो ह्याचं आधी ठरूंदे, मग बघू. मी तेच पाळत आलोय.

देऊळ बंद. कुलूप, दोरी बांधलेली, आणि एक पोलीस खुर्ची टाकून. मी नारळ घेऊन गेलो तर तो उठला, ओ काका, खंय चाललास? बंदी आसा म्हायत नाय? मी म्हटलं, दरवाजो बंद आसा, देव आत आसा ना? मी भायरसून बोलतंय, तुमचा काय जाता? जरा वाजलंच आमचं. मग त्यानं विचारलं काम काय, मी सांगितलं मुलीची मोटरसायकलची शर्यत आहे. चेडवाची? म्हणाला, आणि हसला, मी म्हटलं हसतास कित्याक, तुमच्या बुलेटीक ती मागे टाकीत. तेव्हा त्यानं गाव विचारलं. मूळचा खारेपाटणचा निघाला, त्यालाही बहीण होती. मग म्हणाला, काका, गाऱ्हाणां घालतास, पण होय म्हाराजा म्हणतलो कोण? तेही खरंच. एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी होय म्हणायचं, होकार नसला तर ते गाऱ्हाणं कसलं, ती नुसती बडबड. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, टोपी काढली, मास्क खाली केला आणि माझ्या बाजूला उभा राहिला.

मी सुरू केलं. बा देवा म्हाराजा, तुझां लेकरू परमुलखात गेलां हा. होय म्हाराजा. गाडीर बसतला, वाऱ्याबरोबर धावतला. होय म्हाराजा. काय चुकला-माकला आसात तां पोटात घाल. होय म्हाराजा. आणि मागायची वेळ आली तसा मी हातातला नारळ नुसता फिरवत राहिलो. एका बाजूला आईचा चेहरा, दुसऱ्या बाजूला सड्यावर गाडीशिवाय वाकून चालणारी पोर. पोलीस थांबला, थांबला, आणि हळूच म्हणाला, काका, फुडे बोला, साहेब येतलो. मी म्हटलं, तेका पयलो नंबर दी रे म्हाराजा. त्यानं होय म्हाराजा असं ओरडून म्हटलं की पिंपळावरचे कावळे उठले.

शनिवारी वेळ लावताना ती पडली. मनगट सुजलं, वेळ लागली नाही, मागून उभी राहणार. हे आम्हाला तिनं सांगितलंच नाही, मोबाइलवर शर्यत दाखवतात त्यात कळलं. घरात रेंज नाही, म्हणून आम्ही दोघं सड्यावर, रविवारी, भर उन्हात, आई चिऱ्यावर बसलेली आणि मी मोबाइल वर धरून. रिकामा ट्रॅक. जाळीला माणूस नाही. मी ते वळण शोधत होतो, माझं वळण, आणि ते आलं की वाटायचं आता ही ब्रेक कशावर मारणार? पण मारत होती हो! एकेकीला मागे टाकत होती, आत शिरत होती, आणि आई दर खेपेला माझ्या दंडाला चिमटा काढत होती, अजून डाग असेल. शेवटच्या फेरीला ती आणि ती बंगळूरची, दोघी शेजारी, आणि चित्र अडकलं. गेली रेंज. मी कातळावर धावतोय मोबाइल घेऊन, आई माझ्या मागून, खंय गेली, पडली काय, सांगा ओ, पडली काय? काही दिसत नाही. किती वेळ गेला देवाला ठाऊक. मग फोन वाजला आणि पोरगी नुसती रडत होती, बाबा, पयलो, बाबा, पयलो. आणि मग म्हणाली, जाळी रिकामी होती बाबा, माका तुमी व्हये होतास. मी पण रडलो.

खाली उतरताना आईनं विचारलं, काय मागलास तुमी? मी सांगितलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ती जेवण वाढायची आणि आत जायची. तिचंही खोटं नव्हतं.

मग तिची गाडी चालूच लागली. इथं जिंकली, बाहेर जिंकली, आता स्पेनला एका टीमनं घेतलीय. तीन वर्षं झाली, घरी आली नाही. फोन करते, चेहरा दिसतो, पाठीमागे पांढरी भिंत. विचारतो जेवलीस काय, म्हणते हो. पण ओट्यावर कोण नाही. दुपारी गॅरेजातून जेवायला गेलो की मी अजून आधी ओट्याकडे बघतो, सवय, दुसरं काय. कोणतरी मोठ्या गाडीवरून कट्ट्यात आला आणि वळणावर गियर खाली टाकला की हातातला पाना थांबतो. आई तर रात्रीचा भात अजून तिघांचा लावते आणि सकाळी मला फोडणीचा भात. रोज फोडणीचा भात, कंटाळलो!

गेल्या महिन्यात पोरगी गाडीवरून पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. फोन आला आणि देवा, मी तुम्हाला खरं सांगतो, घाबरलो तर होतोच, पण ती म्हणाली डॉक्टर विश्रांती घे म्हणतात, घरी येते, आणि माझ्या पोटात असा आनंद झाला की मलाच लाज वाटली. पोरीचं हाड मोडलंय आणि बाप खूश! आईनं माळ्यावरची गादी उन्हात टाकली. मी मालवणला जाऊन सुरमई सांगून आलो, येईल त्या दिवशी ताजी पाहिजे म्हणून. आणि परवा परत फोन. बाबा, आत धातूची पट्टी घालून हाड धरलां, डॉक्टर म्हणता पुढची शर्यत धावू शकतंय. नाय धावलंय तर टीम दुसऱ्या कोणाक बसवतली. तुमी सांगा, येव काय रव?

मला विचारलं तिनं. मला! तेव्हा पहिला नंबर मागणारा मीच ना? माझ्या तोंडात ये होतं. ये गो बाय, पुरे झालां, ये. रव, म्हणजे तिथंच रहा, हा शब्द काही केल्या निघेना. फोन धरून नुसता उभा. मयुरीच्या आईनं चुलीकडून बघितलं, आली, माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाली, रव गो थंयच. हात शेक, औषध घी, आणि धाव. सुरमई काय समुद्रातसून पळान जाता?

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर तापलो, इतकी वर्षं सुखरूप घराक येवंदे, घराक येवंदे करत होतंस आणि आता तूच? तर म्हणाली, येतली आणि ओट्यार बसान दुसऱ्याची शर्यत बघतली, रडतली. तशी नको माका. आणि गेली, उन्हातली गादी गुंडाळून परत माळ्यावर ठेवली. सुरमई आलीच होती, सांगितलेली, नाही कशी म्हणणार. दोघांनी खाल्ली, अर्धी शेजारी दिली. चांगली होती.

येत्या रविवारी तिची शर्यत आहे. जिंको, हरो, हातपाय धड राहोत, टीमनं तिला टाकू नये, उदंड आयुष्य मिळो पोरीला. तुम्ही हे लिहिणार, छापणार, ती तिथं मोबाइलवर वाचेल, म्हणून एक नीट लिहा. आईनं सांगितलं तेच बरोबर होतं, रव, धाव. पण बाबाला विचारलं होतंस ना तू, बाबानं उत्तर दिलं नव्हतं. त्याचं उत्तर ये होतं. शर्यत झाल्यावरच वाच म्हणावं, आधी नको.