ताईचा गुडघा, भावाची पाठ

दवाखान्यात मान धरून बसलेल्या शिंपीणबाईंच्या शेजारीच ती दोघं बहीणभाऊ कुजबुजत होती. ताईला डॉक्टरांनी नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं होतं. भाऊ परदेशातून आलेला.

“ताई, आमच्याकडे हे फुकट झालं असतं. सगळं सरकार करतं.”

“मग तू पाठ दाखवायला इथे कशाला आलास?”

“तिकडे म्हणाले, गरज नाही, व्यायाम करा.”

“म्हणजे सरकार खर्च वाचवतंय!”

“आणि तुझा खासगी डॉक्टर? तो कशाला नको म्हणेल?”

“आम्हाला निदान मत देऊन सरकार बदलता येतं. तुमच्याकडे निवडणूक तरी आहे का?”

“बदललंत ना दोनदा? या दवाखान्याचा मालक बदलला?”

“हळू बोल, बाई ऐकतायत.”

शिंपीणबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. नर्सने भावाला आत बोलावलं. थोड्या वेळाने तो ताठ चालत बाहेर आला.

“काय म्हणाले रे?”

“ऑपरेशन.”

“बघ! आणि पाठ?”

“मघापर्यंत दुखत होती.”

“मानदुखीवाल्या कोण? चला आत,” नर्सने दारातून हाक मारली.

“आधी या मागच्यांना जाऊ द्या,” मानेवरचा हात काढत शिंपीणबाई म्हणाल्या, “मला काही घाई नाही.”