कोरडा थर

मुलगी: ...म्हणून उद्या दुपारचीच गाडी धरते. तिकीट काढलंय बाबा, या वेळी नक्की.

बाबा: तिकीट मागच्या दोन्ही वेळी काढलं होतंस.

मुलगी: आता एकच थर उरला होता, पुलाला लागून असलेल्या भरावाचा. सकाळी तोही दाबून झाला. स्क्रीनवर अख्खा पट्टा हिरवागार!

बाबा: रोलरमध्ये स्क्रीन! आमच्या रोलरला धड छप्पर नव्हतं.

मुलगी: ड्रमला सेन्सर असतो ना, तो प्रत्येक फेरीला माती किती कडक झाली ते मोजतो. लाल म्हणजे मऊ, हिरवं म्हणजे पक्कं. तीस वर्षं रोलर चालवून तुम्ही जे बसल्या जागी अंगाने ओळखायचात, तेच.

बाबा: पाण्याचा टँकर कितीदा फिरला?

मुलगी: आज... आलाच नाही. काल शिंपडलं होतं थोडं.

बाबा: आणि ऊन?

मुलगी: रणरणतंय.

बाबा: वीतभर खालची माती काढ. मुठीत दाबून बघ.

मुलगी: बाबा, मला अजून बॅग भरायचीय.

बाबा: दाब तर.

मुलगी: ...गोळा होत नाहीये. भुगा होतोय नुसता.

बाबा: कोरडी माती कडकच लागते गं. मलाही फसवायची, तुझ्या सेन्सरलाही फसवणार. आत पोकळ राहते. पाणी मुरलं की बसते खाली, वरच्या रस्त्यासकट.

मुलगी: थांबा. छोटा खड्डा घेऊन, त्यात मोजून वाळू भरून घनता तपासते. मग फोन करते.

(त्याच दिवशी, संध्याकाळी.)

मुलगी: ब्याण्णव टक्के आली घनता. सत्त्याण्णव लागते.

बाबा: हं.

मुलगी: स्क्रीनवरचा नुसता हिरवा नकाशा जोडून अहवालावर सही केली असती, तर कुणी विचारलंही नसतं.

बाबा: मग?

मुलगी: नाही केली. थर उकरायचा, भिजवायचा, पुन्हा दाबायचा. त्यात चार दिवस जाणार, म्हणजे रजा संपलीच. बाबा? ऐकताय ना?

बाबा: ऐकतोय. तुझ्या पलंगावर धुतलेली चादर घातलीय. राहू दे तशीच.

मुलगी: तुम्ही मघाशी गप्प बसला असतात, तर आले असते मी.

बाबा: टँकरचं विचारलं, तिथेच जीभ चावायला हवी होती. पण टँकर आलाच नाही म्हटल्यावर राहवलं नाही.

मुलगी: लहानपणी तुम्ही 'अजून चार दिवस' म्हणायचात ना, तेव्हा मला वाटायचं, बाबांना घरापेक्षा रोलरच आवडतो. मी आईशी भांडायचे त्यावरून.

बाबा: ती सांगायची मला. पण थर अर्धा सोडून कसा येणार होतो?

मुलगी: मला आता कळतंय, बाबा.

बाबा: कळायला नको होतं, असं वाटतं.

मुलगी: उकरायचं मशीन आलं. ठेवू?

बाबा: बंद करू नकोस. खिशात राहू दे फोन. तू काम कर, मी नुसता ऐकत बसतो.