सासूबाईंचा चंद्र

...हसा, हसा! तुमचं काय जातंय हसायला? मी बसलोय कालपासून तिठ्यावरच्या ह्या वेदीला घोरपडीसारखा चिकटून, आणि तुम्हाला सांगतो, हात सोडला की मी डुक्कर! चेष्टा नाही, सासूबाईंनी चारचौघांत सांगितलंय, आणि आमच्या थेसली मुलखात चेटकीण सासू बोलली म्हणजे जावयाने शेपटीची तयारी ठेवावी...

माझा गुन्हा काय? ग्रहण लागलं. सासूबाई घराच्या धाब्यावर केस मोकळे सोडून, "उतर रे, उतर!" करत चंद्र खाली ओढतायत, खाली गाव पितळी भांडी बडवतंय, दारात मधाच्या कुंड्या आणून ठेवतंय, की मेलिताबाई, सोडा त्याला! नेहमीचंच. आणि मी, घोटभर जास्त झालेली, बोलून गेलो, "अहो, मागच्या ग्रहणात सासूबाई दाढ धरून झोपल्या होत्या, तेव्हाही चंद्र गेला होता की!"

झालं! गाव हसलं, आणि हसत हसत आपापला मध उचलून घरी गेलं. सासूबाई वरून कडाडल्या, "जावईबापू, तुमचं डुक्कर नाही केलं तर नावाची मेलिता नाही!"

पळालो. वेदीला धरून बसलेल्या माणसाला आमच्यात राजासुद्धा हात लावत नाही, म्हणून दिसेल त्या पहिल्या वेदीला मिठी मारली, वर बघतो तर... तीन तोंडं! हेकाटी! चेटकिणींची देवी! आणि तिची पुजारीण कोण? बरोब्बर! पळून पळून उंदीर शिरला कुठे, तर मांजरीच्या घरात! आता हात सोडला की डुक्कर, नाही सोडला तर रोज सासूचं तोंड!

सकाळी आल्या झाडू घेऊन. "पाय वर घ्या, जावईबापू." वेदी पुसली, माझ्यासकट पुसली. "बसा सावकाश. मला कुठे घाई आहे?" मागून बायको, बार्लीची भाकरी आणि ऑलिव्ह घेऊन. म्हटलं, फिलिन्ना, आईला समजाव गं! तर म्हणते, "तुम्हाला वेळ लागणार असेल, तर मी आपल्या घराला कडी घालून आईकडे झोपते." बायको म्हणायची ही!

थांबा... आल्या! लांब, सासूबाई, लांब! हात वेदीवर आहे माझा... अहो, खाली काय बसताय? गुडघे सोडा! दाढी... दाढी सोडा! मंडळी, बघताय ना? गुडघे धरले, दाढी धरली! असं शरण आलेल्याला नाही म्हटलं तर वरून वीज पडते हो!

काय? मोठ्याने बोला... "पोरं मला चिडवत दारावरून गाल धरून कण्हत जातात. म्हातारपणी तेवढा एक चंद्र होता माझ्याकडे, जावईबापू. डुक्कर नाही करत, हेकाटीची शपथ. फक्त म्हणा, की मीच उतरवते."

रडतेय हो म्हातारी. खरंच रडतेय... ऐका रे गाववाल्यांनो! चंद्र सासूबाईच उतरवतात! दाढ दुखताना उतरवतात, झोपेतसुद्धा उतरवतात! मध परत आणा! झालं? सोडा आता दाढी.

अं? अजून एक? "एकटीला घर खायला उठतं. दोघं माझ्याकडेच राहायला या, कायमचे."

दाढी अजून त्यांच्याच मुठीत. नाही कसं म्हणणार, सांगा? सोडला हात वेदीचा... बघा, डुक्कर नाही झालो.

घरजावई झालो.