बुधवारचा ड्रेस

शहरबानू : कोण नाय म्हंजे? सहाची वेळ तुमीच सांगितलीत ना? मग हितं मी एकटीच कशी बसलेय?

अब्बास : हळू बोल. पडद्यामागं मॅडम लोक आहेत.

(कुवेतमधलं तेल कंपनीचं गाव अहमदी, १९५८. साहेबलोकांच्या क्लबातला नाटकाचा हॉल. शंभर खुर्च्या, आणि माणूस म्हणायला पहिल्या रांगेत एकटी शहरबानू, निकाहातली जांभळी जरीची साडी नेसून. तिचा नवरा अब्बास, मीनाच्या, म्हणजे तेलाच्या बंदराच्या, ऑफिसातला कारकून, आत चौकशी करून आलाय आणि आता तोंड लपवायला जागा शोधतोय.)

शहरबानू : नाटक हाय का नाय, तेवढं सांगा.

अब्बास : आहे. उद्या.

शहरबानू : उद्या?

अब्बास : साहेब म्हणाला होता, "बुधवारी ड्रेसला बायकोला घेऊन ये." मला वाटलं, चांगला ड्रेस करून या म्हणतोय. आता कळलं, उद्याचे कपडे घालून आज नुसती तालीम करतात. तिलाच हे लोक ड्रेस म्हणतात.

शहरबानू : आणि उद्याच्या खऱ्या नाटकाला?

अब्बास : उद्या साहेब आणि त्यांच्या मॅडम. आपल्यासारख्यांना आजच.

शहरबानू : या अल्ला! आठ दिवस मी शेजारच्या रुकय्याला सांगतेय, मॅडमांच्या रांगेत बसणार म्हणून. तिचे मोत्यांचे झुमके मागून आणले. ते काय ह्या खुर्च्यांना दाखवू?

अब्बास : चुकलं माझं. पण बानू, एक चांगलं झालं. मोठ्या साहेबाच्या मॅडमनं पडद्याच्या फटीतून तुझी साडी बघितली. नाटकात ती हिंदुस्थानची राणी आहे. तिला उद्या हीच साडी हवीय.

शहरबानू : माझी?

अब्बास : मी हो म्हणून आलो.

शहरबानू : मला न विचारता?

अब्बास : तिला नाही कसं म्हणणार? कंपनीच्या क्वार्टरचा आपला अर्ज तिच्या नवऱ्याच्या टेबलावर पडलाय. फारूकच्या घरात, दोस्ताच्या जिवावर, एका खोलीत अजून किती दिवस काढायचे?

शहरबानू : ते नका सांगू मला. चूल मी पेटवते तिथं. वर्षभर ही साडी ट्रंकेत होती. ह्या वाळूत नेसून जायचं कुठं? म्हटलं, एकदा चार माणसांत बसू. कोणतरी बघेल, विचारेल, ही कोण म्हणून. तेवढंच हवं होतं हो.

अब्बास : उद्या तूपण येशीलच की. मॅडमना नेसता येत नाही. तू पडद्यामागं थांबायचं, नेसवून द्यायची.

शहरबानू : म्हंजे माझी साडी स्टेजवर, आणि मी पडद्यामागं.

अब्बास : मग काय करू? तूच सांग.

शहरबानू : साडी न्या. क्वार्टर मलापण पायजे. पण नेसवायला मी येणार नाय.

अब्बास : अगं, निऱ्यांतलं तिला काय कळतंय? भर नाटकात सुटली तर?

शहरबानू : सुटू दे. तेवढं बघायला तरी मला खुर्ची देतील?