आपला झेंडा फाडला

फौंड्र्या बंद पडल्या त्या सालची गोष्ट. फुटबॉलच्या तिकिटाला लायनीत हुबा हुतो. म्होरं दोघं जण, ज्या तालमीची टीम खेळणार हुती तिथलेच.

"बापू, काय गर्दी रं! गेल्या साली कुत्रं फिरकत न्हवतं."

"कामं न्हाईत, एरवी तिकीट कोण काढणार? औंदा समोरच्या टीमच्या पेठेवर राग हाय, म्हणून आल्यात."

"येणारच की! दसऱ्याला आपला झेंडा फाडला त्येंनी."

"जोतीराम, एक सांगू? बोंबलू नगो."

"सांग की."

"झेंडा आमीच फाडला."

"आमीच म्हंजे?"

"आपल्या तालमीच्या कमिटीनं. पोरांच्या बुटाला पैसं न्हवतं. भांडान लागल्याबिगर मैदान भरंना."

"चेष्टा करतोस व्हय?"

"आईशपथ! त्येंच्या कमिटीलाबी ठावं हाय. गल्ला निम्मा निम्मा."

"अरं, माझा मेव्हणा त्या पेठेतला! भाऊबीजेला आलता. दारातनंच हाकलला मी त्येला. बायको ओवाळायचं ताट घिऊन रडत बसली."

"मला काय म्हाईत, तू एवढं मनाला लावून घेशील?"

"झेंडा हुता की रं आपला!"

"म्होरं सरक, आपला नंबर आला."

"त्ये ऱ्हाऊ दे, झेंड्याचं बोल की आता!"

तवर खिडकीतनं आवाज आला, "ओ पावणं, किती? कुठल्या बाजूची?"

"दोन द्या. त्येंच्या बाजूची."

"जोत्या, खुळा झालास काय? आपलीच पोरं मारतील तुला."

"मारू देत."

"आन् दुसरं कुणाला?"

"मेव्हण्याला. घेतलं तर."