गजाननचा चिखलदरा

हसू नका, पण त्या आठवड्यात मी गजाननवर फार जळलो. चिखलदऱ्याचा तलाव बघायची तीन वर्षांपासून इच्छा माझी, आणि निघाला शेजारच्या मळ्यातला हा, नव्या बायकोला घेऊन. बस कोणती, खोली कुठे, सगळं मलाच विचारत होता. वर म्हणाला, "ऊन लय हाये. दोन दिवस माह्या वांग्याले पाणी दे."

मी खोटंच सांगितलं, "सोमवार-मंगळवार डीपीचं काम हाये. लाईनच नाही, तं मोटर कशी चालू करू?"

गजानन विचारात पडला. मला बरं वाटलं. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "लाईनच नाही तं घरी बसून तरी काय करता? जाऊनच येऊ. अन् भाऊजी, तुमीबी रिकामेच. चाला ना आमच्यासंगं."

लाईन राहणार, हे एकट्या मला ठाऊक. मी गेलो असतो तर दोघांचीही वांगी सुकली असती. म्हणालो, "मले गाडी लागते."

सोमवारी दोन्ही मळ्यांत पाणी फिरवत होतो, तेव्हा तलावाचा फोटो आला. खाली गजाननने विचारलं होतं, "आली का रे लाईन?"

मी लिहिलं, "नाही."