थोरल्याचं इंजिन

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या स्कूटरची वाट बघत होतो. शेजारी उघड्या बॉनेटभोवती मेकॅनिक, जुनी गाडी विकणारे काका आणि ती घ्यायला आलेल्या एक ताई उभ्या होत्या.

"काका, इंजिन कुठल्या गाडीचं?"

"तीन गाड्यांचं. आमच्या थोरल्या भावानं घरीच जोडलं."

"आणि ही नळी कुठे जाते?"

"ते त्यालाच माहीत. मी नुसता टॉर्च धरून उभा असायचो."

"मग त्यांना फोन लावा ना."

"तो गेला हो. दोन महिने झाले."

"पण मिस्त्री, गाडी चांगली आहे की नाही?"

"ताई, खरं तर ही सुरूच व्हायला नको. पण झाली, तीही एका झटक्यात. माझंच डोकं चालेना."

"मला आईला दिवसाआड डायलिसिसला न्यायचंय. वाटेत बंद पडली तर?"

"तर आधी काय खोलायचं, तेही मला सांगता येणार नाही."

"मग नको. काका, राग मानू नका हं."

"छे, राग कसला! बरंच झालं."

"बरं झालं? विकायलाच आणलीत ना?"

"आणली तर विकायलाच होती. पण तुम्ही नको म्हणालात आणि एकदम बरं वाटलं. आता असं का, ते मलाही कळेना."